कुंडीतल्या लिंबाची पानं खत घालूनही पुन्हा पिवळी का पडतात?

रोप आणलं तेव्हा हिरवंगार होतं. दोन-तीन महिन्यांत शेंड्याकडची पानं फिकी पडायला लागली. मग शेणखत झालं, चहाचा चोथा झाला, नर्सरीतून आणलेली खताची पुडी झाली. पंधरा दिवस जरा बरं दिसलं आणि पुढची नवती, म्हणजे नवी पालवी, परत पिवळीच आली. नाशिकमध्ये गच्चीवर किंवा बाल्कनीत कागदी लिंबू लावणाऱ्यांना हे चक्र चांगलंच ओळखीचं आहे.

यात झाड उपाशी आहे असं वाटतं आणि तिथेच चूक होते. बहुतेक वेळा कुंडीत लोह भरपूर असतं, पण ते अशा रूपात अडकलेलं असतं की मुळांना उचलता येत नाही. अडकवणाऱ्या गोष्टी दोन: आपल्या भागातली चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी. खत घालून यातलं काहीच बदलत नाही. म्हणून कुंडीत काहीही टाकण्याआधी दोन मिनिटं पानं नीट बघा.

पिवळं पान कुठलं, जुनं की नवं?

फांदीचा शेंडा आणि फांदीचा बुडखा, दोन्हीकडची दोन-दोन पानं उजेडात धरा.

नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि खालची जुनी पानं हिरवी असतील तर लोह किंवा जस्त कमी पडतंय. ही द्रव्यं एकदा पानात बसली की झाड ती तिथून काढून दुसरीकडे नेऊ शकत नाही, त्यामुळे टंचाई आधी नव्या पानात दिसते. लोहाची खूण अगदी स्पष्ट असते: पानाचा पडदा पिवळा आणि त्यावर बारीकातली बारीक शीरसुद्धा हिरवी, जणू पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची जाळी. दुखणं वाढलं की जाळीही पुसट होते, पान हस्तिदंतासारखं पांढरट होतं आणि टोकाकडून करपतं. जस्त कमी असेल तर पानं लहान, अरुंद, उभी राहतात, दोन पानांमधलं अंतर कमी होतं आणि शिरांच्या मधे पिवळे चट्टे पडतात.

जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर प्रकरण वेगळं. सबंध पान सारखंच फिकं असेल तर नत्र कमी. पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक आणि कडा पिवळ्या असतील तर मॅग्नेशियम कमी.

तिसरी खूण लोक हमखास चुकवतात. मधली शीर पिवळी आणि बाकी पान त्यामानाने हिरवं, म्हणजे लोहाच्या बरोबर उलटं चित्र. हे मुळं गुदमरल्याचं किंवा खोड आवळलं गेल्याचं लक्षण आहे. रोपाला बांबूच्या काडीशी बांधलेली प्लास्टिकची सुतळी, कलमावरची पट्टी, नावाच्या चिठ्ठीची तार हे सगळं तपासा. सालीत रुतलेली दोरी वरून दिसत नाही, बोट फिरवल्यावर खाच लागते.

आणि एक आश्वासन: नवती मुळातच पोपटी, कोवळी, फिकट येते. शिरा आणि पडदा एकाच फिकट रंगाचे असतील तर दोन-तीन आठवडे थांबा. पान जाड झालं की रंग भरतो. या निरोगी पालवीवर घाईघाईने औषधं मारून रोपाचं नुकसान होतं.

माती आणि पाणी तपासा

कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि त्यावर पांढरं व्हिनेगर टाका. बारीक फसफस ऐकू आली, बुडबुडे आले की मातीत मोकळी चुनखडी आहे. नाशिकच्या काळ्या मातीत पांढरे खडे दिसतात ते हेच. लिंबाला सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट किंवा चुनखडी ते सांगणारा आकडा) साधारण ५.५ ते ६.५ लागतो. चुनखडीच्या मातीत तो ७.५ च्या वर जातो आणि तिथे लोह गंजासारखं घट्ट होऊन बसतं.

नुसती कुंडीतली माती तपासून भागत नाही. नर्सरीतून रोप काळ्या पिशवीत येतं आणि पिशवीतली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, बहुतेकदा चिकण काळ्या मातीची असते. बाहेर कितीही छान मिश्रण भरलं तरी पहिलं वर्षभर मुळं त्या हुंडीतच असतात. उन्हाळ्यात हुंडी आक्रसते आणि घातलेलं पाणी तिच्या कडेने सरळ खाली निघून जातं. कुंडीखाली पाणी येतं म्हणून आपल्याला वाटतं पोहोचलं. पावसाळ्यात तीच हुंडी आठ-आठ दिवस ओली राहते. बाहेरचं मिश्रण भुसभुशीत आणि आतला गोळा दगडासारखा, असं असेल तर व्हिनेगर हुंडीच्या मातीवर टाकून बघा.

आता पाणी. लिटरभर पाणी स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा आणि थंड होऊ द्या. तळाशी आणि कडेला पांढरं पीठ जमलं तर पाण्यात बायकार्बोनेट हा सामू चढवणारा क्षार भरपूर आहे. हे पाणी रोज घातलं की चांगल्या मातीचाही सामू हळूहळू चढतो, आणि म्हणूनच माती बदलल्यावर सहा महिन्यांनी तक्रार परत उभी राहते. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ सौम्य असतं, पण इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत नळ, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर असं तिन्ही एकत्र होतं. टाकीत नेमकं काय येतं ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा, नळाला बघून कळत नाही.

दोन पाणी लिंबाला देऊच नका. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी काटकसर म्हणून झाडांना घातलं जातं, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार दाटून आलेले असतात. दुसरं, मिठाच्या सॉफ्टनरमधून आलेलं पाणी. त्यात चुना नसतो पण सोडियम असतं. साबणाला फेस छान येतो आणि लिंबाची टोकं करपतात. उलट एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, आणि पावसाचं पाणी तर सर्वांत उत्तम. जूनचे पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या, मग पिंप भरून झाकून ठेवा.

दुरुस्तीचा क्रम

खतं पूर्ण थांबवा, निदान महिनाभर. मुळं आजारी असताना दिलेलं खत क्षार म्हणून साचतं.

हुंडी चिकण असेल तर रोप काढून पुन्हा लावणं हाच खरा इलाज. याला जून अखेर ते जुलै किंवा फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिल-मेच्या उन्हात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळांना हात लावू नका. आदल्या दिवशी पाणी द्या. रोप हुंडीसकट बाहेर काढून बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. मग पाण्यातच बोटांनी बाहेरची एक तृतीयांश माती हळूहळू मोकळी करा, मधला गाभा तसाच राहू द्या. निरोगी मुळाचं टोक पांढरट-दुधी असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोरा उरतो. वासही गटारासारखा येतो. असं मूळ जिवंत भागापर्यंत स्वच्छ कात्रीने कापा. मुळं बरीच कापली गेली तर वरचा पालाही पाव हिस्सा कमी करा.

कुंडी एक-दीड वर्षाच्या रोपाला १२ इंची पुरे. एकदम १८ इंची कुंडी घेतली तर मुळं न पोहोचलेली माती आंबट ओली राहते. तळाला बोटाएवढी चार-पाच भोकं हवीत. भोकांवर खापराचा तुकडा किंवा जाळी ठेवा आणि त्यावर सरळ मिश्रण भरा. तळाशी खडीचा थर घालू नका. त्याने निचरा वाढत नाही. पाणी मिश्रणाच्या तळाशी, खडीच्या वर, अडकून राहतं आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते.

मिश्रण मापाने: तांबडी माती ३ भाग, धुतलेलं कोकोपीट ३ भाग, जाड वाळू २ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत २ भाग, आणि एका कुंडीला १०० ग्रॅम निंबोळी पेंड. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या जास्त पावसाच्या पट्ट्यातली तांबडी माती चुनखडीच्या बाबतीत बरी, तरी तीही व्हिनेगरने तपासूनच घ्या. क्रश सँड वापरणार असाल तर चाळून तिची पूड काढून टाका, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. वाळूऐवजी साळीचा तूस चालतो. बांधकामाचा राडारोडा, सिमेंट लागलेले विटांचे तुकडे मात्र अजिबात नकोत, त्यात चुनाच असतो. रोप लावताना बुंधा आधी होता त्यापेक्षा खोल जाऊ देऊ नका. कलम असेल तर सांधा मातीच्या चांगला वर. काठापासून दोन इंच जागा पाण्यासाठी सोडा. आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग सहा तासांचं ऊन.

हुंडी ठीक असेल आणि फक्त कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरी खपली आली असेल तर पुनर्लागवडीची गरज नाही. नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याने कुंडी धुऊन काढा: १५ लिटर मातीला साधारण ३० लिटर पाणी, पाच-पाच लिटरच्या टप्प्यांनी, खालून निथळू देत देत. निचरा चांगला असेल तरच हे करा.

बोअरच्या पाण्याशिवाय पर्याय नसेल तर ते थोडं आंबट करून घ्या. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड १० लिटर पाण्याला २ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा. ढवळून दहा मिनिटं ठेवा आणि सामू दाखवणाऱ्या कागदाच्या पट्टीने बघा. ६ ते ६.५ आला की पुरे. जास्त आला तर अर्धा ग्रॅम वाढवा, ५.५ च्या खाली जाऊ देऊ नका. पाणी इमारतीगणिक वेगळं असतं, त्यामुळे पट्टी न वापरता दुसऱ्याचं माप उचलू नये.

लोह: कुठलं घ्यायचं आणि कसं द्यायचं

नाशिक द्राक्षांचा जिल्हा असल्याचा इथे फायदा होतो. चुनखडीच्या जमिनीत द्राक्षवेलही अशाच पिवळ्या पडतात, त्यामुळे पिंपळगाव, दिंडोरी, ओझरच्या कृषी सेवा केंद्रांत चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून एका रसायनाने धरून ठेवलेलं लोह, सहज मिळतं. पण पाकिटावर त्या रसायनाचं नाव वाचा. ईडीटीए लोहावर १२ टक्के लिहिलेलं असतं आणि ईडीडीएचए लोहावर ६ टक्के. जास्त टक्के म्हणून लोक १२ वालं आणतात आणि मातीत टाकतात. ईडीटीएची पकड सामू ६.५ च्या पुढे सुटते, मग त्यातलं लोह मातीत अडकलेल्या लोहातच जाऊन मिळतं. ईडीडीएचए ९ सामूपर्यंत टिकतं. आपल्या मातीत देण्यासाठी तेच घ्या, महाग असलं तरी.

१२ इंची कुंडीला २ ग्रॅम ईडीडीएचए एक लिटर पाण्यात विरघळवून, आधी ओल्या केलेल्या मातीवर, संध्याकाळी सगळीकडे ओता. द्रावण रक्तासारखं लालभडक होतं. फरशीवर डाग पडतो तो जात नाही, कुंडीखाली जुनं पोतं अंथरा. पाच-सहा आठवड्यांनी गरज असेल तरच पुन्हा. दोन-तीन आठवड्यांत शिरांपासून हिरवा रंग बाहेर पसरताना दिसतो.

स्वस्तातला मार्ग फवारणीचा: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला २ ग्रॅम आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. ॲसिड पाण्यात आधी, हिराकस नंतर. हिराकस फिकट हिरवा, काचेसारखा खडा असेल तरच घ्या. तपकिरी पूड झालेला माल गंजलेला असतो, त्याचा उपयोग नाही. तयार द्रावण तांबूस गढूळ झालं तर फेकून द्या. फवारणी सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, पानाच्या खालूनही. मात्र फवारणीने फक्त समोरची पानं सुधारतात. पुढची नवती मुळांतूनच लोह मागते, म्हणून नुसत्या फवारणीवर राहिलात तर चक्र सुरूच राहतं.

जस्ताची खूण असेल तर झिंक ईडीटीए लिटरला अर्धा ग्रॅम, नवी पानं पाऊण आकाराची झाल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, तेही फवारून. नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट घेतलं तर सामूही थोडा खाली येतो: ५ ग्रॅम दोन लिटर पाण्यात, महिन्यातून एकदा, फेब्रुवारी ते सप्टेंबर, ओल्या मातीतच.

घरगुती उपायांचं काय?

प्रेमाने केलेले बरेच उपाय या एका झाडाला उलटे पडतात. अंड्याची टरफलं, चुलीची राख, चुना, हाडांचा चुरा हे सगळे सामू वाढवतात किंवा चुन्यात भर घालतात. हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरद (फॉस्फरस) लोहाला आणखी बांधून ठेवतं. गंजलेले खिळे पुरल्याने काही होत नाही, कारण गंज म्हणजे मातीत आधीच पडून असलेलं, न विरघळणारं लोह. तुरटीने सामू उतरतो खरा, पण ॲल्युमिनियम साचतं आणि ते कोवळ्या मुळांना बाधतं. दुधा-साखरेचा चहाचा चोथा मुंग्या आणि चिलटं बोलावतो. न धुतलेला चोथा टाकायचाच असेल तर दुसऱ्या झाडाला टाका.

ऋतू बदलला की तक्रारीचं कारणही बदलतं

जुलै-ऑगस्टमध्ये तेच रोप पिवळं पडलं तर आधी पाणी साचलंय का बघा. कुंडीखालची ताटली काढून टाका, कुंडी तीन विटांवर ठेवा, भोकं काडीने मोकळी करा. माती ओली असूनही पानं मान टाकतात तेव्हा तहान समजून आणखी पाणी घातलं जातं आणि रोप त्यातच जातं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. वरून ओलं आणि खाली कोरडं असा घोळ टाळायचा तर कुंडी थोडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा. पाणी द्याल तेव्हा १२ इंचीला दोन-तीन लिटर, खालून निथळेपर्यंत. कपभर पाणी रोज देणं सर्वांत वाईट, क्षार तिथेच साठतात.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा, त्यातही निफाडकडचा, पारा रात्री १० अंशांच्या खाली जातो तेव्हा लिंबाची मुळं जवळपास थांबतात आणि लोह असूनही पान फिकं पडतं. या पिवळेपणाला औषध नाही, गरजही नाही. पाणी सकाळी दहानंतर द्या, खत बंद ठेवा. फेब्रुवारीच्या नवतीत रंग येतो.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची काळी प्लास्टिकची कुंडी बाजूने इतकी तापते की त्या अंगाची मुळं भाजतात. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा किंवा ती मोठ्या कुंडीत ठेवून मधे पालापाचोळा भरा. दुपारनंतर ५० टक्क्यांची शेडनेट पुरेशी आहे.

पिवळेपणा यातला नसेल तेव्हा

कोवळ्या पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. ५ टक्के निंबोळी अर्क नवती फुटताच. खरबरीत तपकिरी ठिपका आणि भोवती पिवळं वलय म्हणजे खैऱ्या. ती पानं कापून कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम. बुंध्याशी डिंक गळत असेल तर तेवढी साल चाकूने खरवडून बोर्डो पेस्ट लावा: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १० ग्रॅम चुना, १०० मिली पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात कालवून. चुना इथे खोडावर लागतो, मातीत सांडू देऊ नका.

एका गोष्टीची मात्र धास्ती बाळगा. लोहाचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. पिवळे डाग डावीकडे एका जागी, उजवीकडे दुसऱ्या जागी, असे वेडेवाकडे पडले असतील आणि कोवळ्या शेंड्यावर पांढऱ्या मेणाचे दोरे सोडणारी बारीक पिल्लं दिसली असतील तर ती सिट्रस सिला ही कीड आहे, आणि ती ग्रीनिंग रोग पसरवते. त्याला इलाज नाही. हाच किडा शेजारच्या कढीपत्त्यावरही राहतो, म्हणून लिंबाची कुंडी कढीपत्त्यापासून लांब ठेवा आणि दोन्हींचे शेंडे एकत्रच तपासत जा.

माती, पाणी आणि लोह तिन्ही सुधारल्यावर दोन नवत्या येऊ द्या, साधारण चार महिने. पहिली थोडी फिकी आली तरी चालेल, दुसरी हिरवी हवी. तोवर आलेली फुलं पहिल्या वर्षी खुडून टाका. दुसरी नवतीही सारखी जाळीदार पिवळी आली तर पाण्याची पट्टी पुन्हा लावून बघा, टाकीतलं पाणी बहुतेक बदललेलं असतं. आणि डाग वेडेवाकडे असतील तर रोप मुळासकट उपटून पिशवीत बांधा आणि कचरागाडीत द्या. कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका, गच्चीच्या कोपऱ्यातही ठेवू नका.